१९६१ चे मूळ अवयव

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळून झाल्या की मोजायचं काम मुलीकडे असतं. ती सहावीत होती आणि शाळेत नुकत्याच मूळ संख्या सुरू झाल्या होत्या. व्याख्या तिला पाठ होती: १ आणि ती संख्या स्वतः, असे दोनच विभाजक. पण ५१, ५७, ९१ समोर आले की ती अडायची. मलाही ९१ मूळच वाटायची.

त्या दिवशी नेवऱ्या ९१ च भरल्या. म्हटलं, परातीत सारख्या ओळी लाव बघू. दोन-दोनच्या ओळी लावल्या, एक उरली. तीन-तीनच्या लावल्या, एक उरली. पाच-पाचच्या लावल्या तरी एकच. सात-सातच्या लावल्या आणि नेमक्या तेरा ओळी झाल्या! ९१ = ७ × १३. पाढा म्हणून मला हे कधी दिसलं नव्हतं, परातीत दिसलं.

मग आणखी सहा तळल्या. ९७ झाल्या. २, ३, ५, ७, कशानंच ओळी पुऱ्या होईनात. ती अकराकडे वळली, तेव्हा मी थांबवलं. ११ × ११ म्हणजे १२१, ९७ च्या पुढे गेलं. अकरा किंवा त्याहून मोठ्या संख्येनं भाग जायचाच असेल तर तिचा जोडीदार अकराहून लहान असायला हवा, आणि तो आपण आधीच तपासला आहे. ही एक गोष्ट कळली की अर्धं भय जातं. मला ती शाळेत कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं.

चवथ उरकल्यावर एराटोस्थेनिसची चाळणी केली, म्हणजे पटी खोडत मूळ संख्या गाळून काढायची रीत. १०० पर्यंतच्या संख्यांत २, ३, ५, ७ या स्वतः ठेवून त्यांच्या पुढच्या पटी खोडल्या, बस्स. उरलेल्यांची बेरीज माझी १०६० आली, तिची १०६१. पुन्हा केली, तरी तेच. शेवटी संख्या मोजल्या: माझ्या २५, तिच्या २६. तिनं १ खोडला नव्हता. “१ का नाही चालत?” हा प्रश्न मात्र चांगला होता. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, दुसरे कुठलेच नाहीत. १ ला मूळ म्हटलं तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३, असं कितीही लिहिता येईल. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, ही सगळी गंमतच निघून जाईल.

मग तिनं आपल्या गोव्याची वर्षं घेतली. मुक्तीचं १९६१ घेतलं. ३१ पर्यंत काहीच लागेना, आणि ३७ नं भाग गेला: ३७ × ५३. घटकराज्य झालं ते १९८७ घेतलं. ४३ पर्यंत सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, दर वेळी बाकी उरली. पुढची ४७, तिचा वर्ग २२०९. म्हणजे १९८७ मूळ. त्या दुपारी तिचा आनंद पाहण्यासारखा होता.

बेरजांचं वेड तिला मी लावलं. गणितज्ञ गोल्डबाखनं १७४२ साली दुसऱ्या गणितज्ञाला, ऑयलरला पत्र लिहिलं, त्यातून निघालेला तर्क असा की २ हून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. तो अजून सिद्ध झालेला नाही. १०० साठी तिला ३ + ९७ पासून ४७ + ५३ पर्यंत सहा जोड्या मिळाल्या. १९६१ विषम, म्हणून जोडीतली एक संख्या सम हवी, आणि सम मूळ संख्या एकच, म्हणजे २ हवाच. उरतात १९५९, आणि त्याला ३ नं भाग जातो. दोन संख्यांत जमत नाही. तीन घेतल्या तर जमतं: ३ + ७ + १९५१. यातली १९५१ मूळ आहे का, हे ती सध्या वहीत तपासते आहे. १३ नं भागून बाकी १ आली, आता १७ चालू आहे.