पाइप सुबक, चाकं जड

पिंपळगाव बसवंतहून निघालेली जीप ओझरपर्यंत व्यवस्थित आली. आडगावजवळ पुढच्या चाकांतून जळका वास यायला लागला. अंबडला माझ्या गॅरेजात पोचली तेव्हा न्यूट्रलला टाकूनही ढकलायला दोघं लागले.

जुनी विलीज बनावटीची जीप, मालक द्राक्ष बागायतदार. डिझेल इंजिन, रुंद टायर, पुढे नव्या बसवलेल्या डिस्क ब्रेक, मागे मूळचे ड्रम ब्रेक. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, पायाखाली चासीवर, मूळ जागीच, पण जुन्या एकेरीऐवजी पुढचं-मागचं वेगळं करणारा टँडम.

गाडी वर घेतली आणि मी आधी ब्रेक ऑइलचे पाइपच बघत राहिलो. असं काम नाशकात फार कमी हातांतून निघतं. पाइपात आधी नट ओवायचा, कटरने सरळ कापायचं, कापताना आत राहिलेली धारदार कड, म्हणजे बर, काढायची, मग क्लॅम्पमध्ये नेमकी उंची धरून पहिल्या दाबात कड फुगवायची आणि दुसऱ्या दाबात आत दुमडायची. एकेरी फुलवलेलं तोंड आवळताना चिरतं, तरी घाईत अनेक जण तेच करतात. इथे एकही तोंड तिरपं नव्हतं. जुने नट ३/८ इंची, २४ आट्यांचे. मास्टरची भोकं १० मिलिमीटरची, १ मिलिमीटर पिचची. फरक इतका कमी की इंची नट त्यात हाताने जातो, पान्याला धरल्यासारखा वाटतो आणि दाब आला की दगा देतो. हे पाइप करणाऱ्या मिस्त्रीने मास्टरकडचे सगळे नट बदलले होते.

आणि तरी चाकं जड.

मालकांना आधी सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, हवा काढा. आपल्याकडे ब्रेकच्या प्रत्येक तक्रारीला हेच उत्तर मिळतं. अरे, हवा राहिली तर पेडल मऊ लागेल, चाक कशाला धरेल?

मी मास्टरचे बोल्ट सैल करून तो पुशरॉडपासून, म्हणजे पेडलकडून त्याला ढकलणाऱ्या दांडीपासून, थोडा मागे घेतला. पुशरॉडला मोकळीक नसती तर चाकं इथेच सुटली असती. सुटली नाहीत. मग मास्टरवरचा पुढच्या पाइपाचा नट जरासा ढिला केला. ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि पोराने चाक एका हाताने फिरवलं. चाकाकडचा रबरी होज आतून बंद असता तर इथे नट सोडून उपयोग झाला नसता, कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, हवा काढायचा निप्पलच सोडावा लागला असता. म्हणजे दाब मास्टरच्या तोंडाशीच अडकत होता.

मास्टरच्या भोकात नट जिच्यावर टेकतो ती पितळी सीट स्क्रू रुतवून ओढून काढली. तिच्या मागे पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह. मास्टर चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीचा होता. ड्रमच्या पाइपात १० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास दाब राहू देतात. त्याने व्हील सिलिंडरचे वॉशर फुललेले राहतात आणि हवा शिरत नाही. तिथे लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्कला स्प्रिंग नाही, कॅलिपरचं सील पिळा सुटताना पिस्टन केसभर मागे घेतं, बस. १० पीएसआयवर पॅड डिस्कला घासतच राहतात.

मालक म्हणाले, "भाऊ, मग काढून टाका ना तो. शनिवारी लग्नाला कल्याणला जायचंय."

नुसता काढून चालत नाही. मास्टर कॅलिपरपेक्षा खाली आहे. ऑइल मागे उतरतं आणि पहिला पाय रिकामा जातो. डिस्कच्या पाइपात २ पीएसआयचा व्हॉल्व्ह हवाच. तो मागवावा लागणार होता, शनिवारपर्यंत येणार नव्हता. मी गाडी दिली नाही. कल्याण म्हणजे कसारा घाट. जुन्या, पाणी ओढलेल्या डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू १४० अंशांच्या आसपास येतो. पॅड घासत असताना उतारावर ऑइल उकळलं तर पेडल थेट तळाला. मालक रागावले. टायरांवर त्यांनी केलेला खर्च ऐकला होता, त्यापुढे या व्हॉल्व्हची किंमत काहीच नव्हती. ते बसने गेले.

व्हॉल्व्ह बसवला, नवी सीट, नवं ऑइल. त्र्यंबक रोडला गाडी पळवून आणली आणि डिस्कजवळ हात नेला. नुसती कोमट.

मला अजून उमगत नाही ते वेगळंच आहे. इतका जाणता हात सीटमागे काय आहे हे न बघता कसा थांबला? मालकांकडून नंबर घेऊन मी त्या मिस्त्रींना फोन केला. वयाने मोठे. म्हणाले, "डिस्क थोडी गरम होतेच, बेटा."

"मामा, पुढचा नट सोडून बघा. चिळकांडी उडून चाक हलकं झालं तर तेच आहे."

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, असाच मास्टर लावलेल्या आणखी दोन जीप त्यांनी दिल्यात, एक घोटीकडे फिरते. मी म्हटलं, तिला आधी बोलवा, घाट उतरू देऊ नका.