नॉर्मल अहवालामागची गाठ

परभणीच्या माझ्या ताईचा चेहरा दोन वर्षांत गोल झाला, पोटावर जांभळे पट्टे उमटले आणि जमिनीवरून उठताना तिला हाताचा आधार लागू लागला, तरी शेजारपाजारचे "अंगाला लागलंय" एवढेच म्हणत राहिले. कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक, वाढल्याचे कळल्यावर डॉक्टरांनी आधी विचारले की ती सांधेदुखीच्या पुड्या घेते का, कारण त्यांत मिसळलेल्या स्टेरॉइडनेही शरीराची हीच अवस्था होते. ती घेत नव्हती. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी एसीटीएच या संप्रेरकाने अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावते; रक्तातील एसीटीएच दबलेले नसल्याने अधिवृक्क ग्रंथीवरचा संशय मिटला. त्यानंतरच्या पियूषिकेच्या एमआरआयचा अहवाल मात्र 'नॉर्मल' आला आणि घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला.

त्या सुटकेचीच मला आज भीती वाटते. पियूषिका ग्रंथी वाटाण्याएवढी असते आणि कुशिंग आजारातील, म्हणजे जादा एसीटीएच सोडणारी तिच्यातील गाठ पुष्कळदा ६ मिलिमीटरपेक्षाही लहान असते, त्यामुळे नेहमीच्या एमआरआयमध्ये ती अनेकदा दिसतच नाही. उलट, निरोगी माणसांतही सुमारे १० टक्क्यांच्या ग्रंथीत एखादा निरुपद्रवी ठिपका आढळतो, म्हणून ठिपका दिसला की तोच दोषी असेही म्हणता येत नाही.

म्हणून जादा एसीटीएच कुठून येते हे शोधण्यासाठी मुंबईत दोन्ही जांघांच्या शिरांतून बारीक नळ्या थेट कवटीच्या तळाशी, पियूषिकेतून रक्त वाहून आणणाऱ्या शिरांपर्यंत नेण्यात आल्या. तेथील आणि हातातील रक्त एकाच वेळी घेऊन दोन्हींतील एसीटीएचची तुलना करतात: तेथील प्रमाण हातातल्यापेक्षा किमान दुप्पट, किंवा गाठीला एसीटीएच सोडायला लावणाऱ्या डेस्मोप्रेसिनचे इंजेक्शन दिल्यानंतर किमान तिप्पट असेल, तर उगम पियूषिकेतच आहे, फुप्फुसासारख्या दुसऱ्या अवयवातील गाठीत नाही. ही चाचणी कॉर्टिसॉल वाढलेले असतानाच करावी लागते. ताई शुद्धीवर होती आणि नळ्या सरकताना कानात आवाज येतो, असे सांगत होती.

तिचा आकडा तिपटीच्या बराच वर गेला. गाठ डावीकडे की उजवीकडे, हे मात्र ही चाचणी भरवशाने सांगत नाही. त्यासाठी एमआरआय पुन्हा केला, पण या वेळी शिरेतून गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारे द्रव्य सोडतानाच सेकंदासेकंदाने पातळ काप टिपले. निरोगी ग्रंथी लगेच उजळते, गाठ मागे राहते आणि त्या थोड्या क्षणांत ती काळसर दिसते. उजव्या कडेला ४ मिलिमीटरची सावली दिसली. तीही दिसली नसती तर मेथिओनिन पेट या किरणोत्सारी द्रव्य वापरणाऱ्या स्कॅनचा विचार होता, पण त्यातील किरणोत्सारी कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होत असल्याने तो बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्राजवळच वापरावा लागतो.

पहिला अहवाल आम्ही जपून ठेवला आहे. नाकावाटे होणारी शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी आहे. उजव्या कडेपासून शोध सुरू करू, असे शल्यचिकित्सकांनी ताईला सांगितले आहे.