बोक्याची घुरघुर आणि टॉरिन

आज दवाखान्यात आलेल्या बोक्याने स्टेथोस्कोप टेकवताच घुरघुर सुरू केली आणि हृदयाचे ठोके ऐकू येईनात. अखेर बेसिनचा नळ सोडला, तेव्हा कुठे महाराज गप्प झाले. हा बोका निव्वळ दूध-पोळीवर वाढलेला असल्याने घरी येताना सारखी पॉल पायन यांची आठवण होत राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विद्यालयात हृदयरोगाचे प्रशिक्षण घेत असताना, हृदयाचे स्नायू सैल पडून दगावणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन हे मांस-मासळीतून मिळणारे अमिनो आम्ल फार कमी असते आणि ते दिल्यास हृदय पूर्ववत होऊ शकते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. गंमत म्हणजे त्यांतली मांजरे तयार खाद्यच खात होती! पुढे उत्पादकांनी खाद्यातले टॉरिन वाढवले आणि हा आजार विरळ झाला. शिकाऊ वयात असे काम हातून घडावे, याचा मला प्रामाणिकपणे हेवा वाटतो.

बोक्याचा टू-डी इको उद्या आहे. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून उकडलेला बांगडा त्याच्या पाण्यासकट द्या, असे बाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आमच्याकडे सगळे शाकाहारी आहेत हो.”