होस्टिंग कंपनीत एल वनची एल टू झाले तो सगळा प्रकार (माझा अनुभव)

माझं बीएस्सी कॉम्प कराडला झालं. कॅम्पस म्हणाल तर नावालाच होतं. बरोबरच्या निम्म्या पोरी पुण्याला जावाच्या क्लासला गेल्या, मी लिनक्सचा (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) कोर्स केला कारण फी कमी होती, आणि त्याच क्लासमधल्या एकाकडून कळलं की बाणेरला एका वेब होस्टिंग कंपनीत, म्हणजे लोकांच्या साईट आणि मेल आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीत, नाईट शिफ्टला एल वनची माणसं घेतायत. एल वन म्हणजे कस्टमर सपोर्टची पहिली पायरी, एल टू म्हणजे त्याच्या वरची, अवघड बिघाड सोडवणारी. हे २०१८ चं. कंपनीचं नाव लिहित नाही, उगाच कशाला, पुढे काही गोष्टी लिहिणार आहे त्या त्यांना आवडायच्या नाहीत.

इंटरव्ह्यूला प्रश्न एकच होता खरं तर. ब्राउझरमध्ये डोमेन, म्हणजे साईटचं नाव, टाकून एंटर मारलं की पेज दिसेपर्यंत काय काय होतं ते सांग. मला वाटलं दोन मिनिटांत होईल, पण तो माणूस प्रत्येक शब्दावर थांबवायचा, डीएनएसला (साईटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) विचारतो म्हणजे नक्की कुणाला विचारतो, नेमसर्व्हर (त्या यंत्रणेत एका डोमेनची माहिती ठेवणारा सर्व्हर) कुठे ठेवलाय हे त्याला कसं कळतं, टीटीएल (ती माहिती किती सेकंद साठवून ठेवायची ती मुदत) म्हणजे काय, बरं आता आयपी, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, मिळाला पण एकाच आयपीवर पाचशे साईट असतील तर सर्व्हरला कसं कळणार कुठली द्यायची. शेवटच्याला मी अडकले. मग एका चिडलेल्या कस्टमरच्या मेलला इंग्रजीत उत्तर लिहायला लावलं. नंतर कळलं की त्या उत्तरावरच घेतलं होतं मला, कारण मी सॉरी एकदाच लिहिलं होतं आणि पुढे काय करणार ते लिहिलं होतं.

घरी आईचं म्हणणं रात्रीची नोकरी म्हणजे कसली नोकरी. पप्पांनी फक्त विचारलं, गाडी न्यायला-सोडायला येणार का. येणार होती, आणि कंपनी काही उपकार करत नव्हती. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा जो कायदा आहे त्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि घरापर्यंत सोडायची सोय करावी लागते. एचआरने संमतीचा कागद पुढे सरकवला तेव्हा बऱ्याच मुली न वाचता सही करत होत्या. वाचा बायांनो, तो कागद तुमच्याच कामाचा आहे.

शिफ्ट रात्री दहा ते सकाळी सात, कारण कस्टमर जास्त करून अमेरिकेतले, आपली रात्र म्हणजे त्यांचा ऑफिसचा टाईम. सपोर्टला तेव्हा सगळे मिळून पंधरा-सोळा जण. मालकाला सगळे सर म्हणायचे आणि तो स्वतः रात्री दोनला येऊन क्यू, म्हणजे कस्टमरच्या तक्रारींची रांग, बघायचा. आणि एक सीनियर अ‍ॅडमिन होता, त्याला सगळे दादा म्हणायचे, वयाने माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा असेल. मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसून शिकले. तो काही शिकवायचा वगैरे नाही. तो काम करायचा आणि तोंडाने पुटपुटत करायचा, आपण ऐकायचं. सकाळी सातला मात्र हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टसाठीची नोंद, लिहायला लावायचा. "चेकिंग" असं लिहिलेलं त्याला चालायचं नाही. काय तपासलं, काय निघालं, काय अजून बघायचं राहिलंय, आणि कस्टमरला आपण काय कबूल केलंय, हे चार वाक्यांत. झोप अनावर झालेली असायची, कॅब खाली हॉर्न मारायची, तरी लिहायचंच.

सुरुवातीला चॅट. एका वेळी तीन खिडक्या. पहिल्या महिन्यात वाटलं की जगातले सगळे लोक एकाच गोष्टीवरून रडतात, मेल स्पॅममध्ये जातेय. मग एसपीएफ बघ, डीकेआयएम बघ (मेल खरंच त्या डोमेनकडून आलीय हे पटवणाऱ्या नोंदी), सर्व्हरचा आयपी स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या लिस्टमध्ये आहे का बघ. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे साईट बंद आहे, लगेच चालू करा, आणि बघितलं तर डोमेनच एक्सपायर. रिन्यूअलचे मेल का बघितले नाहीत विचारलं तर कळायचं की ते मेल त्याच डोमेनच्या पत्त्यावर जात होते आणि डोमेन बंद झाल्यावर तो मेलबॉक्सही बंद. डॉट कॉम असेल तर मुदत संपल्यावरही रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारा, थोडे दिवस देतो, त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन पिरियड असतो ज्यात परत मिळतं पण चार्ज भरपूर लागतो, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट आणि मग कुणीही घेऊ शकतं. हे रडवेल्या माणसाला रात्री तीनला समजावणं म्हणजे एक वेगळंच स्किल आहे.

आता वाढ. होस्टिंगमध्ये कंपन्या दोन प्रकारे मोठ्या होतात. एक म्हणजे स्वतः कस्टमर मिळवून. होस्टगेटर फ्लोरिडातल्या एका कॉलेजच्या हॉस्टेलच्या खोलीत २००२ ला सुरू झाली आणि दहा वर्षांत एवढी झाली की एंड्युरन्स नावाच्या ग्रुपने २०१२ ला ती विकत घेतली. दुसरा प्रकार एंड्युरन्सचा, म्हणजे दुसऱ्यांचे ब्रँड घेत सुटायचं. आपल्या मुंबईच्या डायरेक्टीचं बिगरॉक आणि रिसेलरक्लब २०१४ ला त्यांच्याकडेच गेलं. आमच्या सरांनीही छोट्या प्रमाणात तेच सुरू केलं. कुठेतरी परदेशात एकटा माणूस होस्टिंग चालवतोय, कंटाळलाय, त्याचे कस्टमर विकत घ्यायचे आणि आपल्या सर्व्हरवर आणायचे. एक्सेल शीटमध्ये एका रात्रीत कंपनी वाढलेली दिसते. पण त्या कस्टमरने आपल्याला निवडलेलं नसतं. त्याला फक्त एवढंच कळतं की काल सगळं चालू होतं आणि आज मेल येत नाही.

मायग्रेशनचं काम सांगायला सोपं आहे. आधी टीटीएल ३०० वर आणायचा, म्हणजे आयपी बदलला की पाच मिनिटांत सगळीकडे कळेल, मग सीपॅनलचं (होस्टिंगचं अकाउंट सांभाळायचं पॅनल) ट्रान्सफर टूल लावायचं, तपासायचं, डीएनएस फिरवायचा. प्रत्यक्षात जुन्या सर्व्हरवर कुणाचं तरी पीएचपीचं (साईट ज्या भाषेत लिहिलेली असते ती) असलं व्हर्जन निघायचं की नव्या सर्व्हरवर साईट पांढरी फटक. आणि ज्यांचा डीएनएस तिसरीकडेच होता त्यांना आम्ही मेलवर मेल पाठवायचो की तुमचा ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनसमोर लिहिलेला आयपी, बदला, ते मेल वाचत नाहीत, जुना सर्व्हर बंद करायची तारीख येते, आणि मग त्या रात्री क्यू बघवत नाही. अशा रात्री दादाच्या बाजूची खुर्ची रिकामी असली तरी उपयोग नव्हता, त्याच्याकडे पुटपुटायलाही वेळ नव्हता.

त्यात २०१९ च्या जूनमध्ये सीपॅनलने भाव बदलले. आधी सर्व्हरमागे एक ठरलेलं लायसन असायचं, त्यावर हजार अकाउंट ठेवा की दहा, पैसे तेवढेच. आता अकाउंटच्या संख्येवर पैसे. शेअर्ड होस्टिंगचा सगळा धंदाच एका सर्व्हरवर जमेल तेवढी अकाउंट बसवण्यावर उभा, त्यामुळे विचार करा. बाकी अनेकांप्रमाणे आम्हीही डायरेक्टअ‍ॅडमिन हे दुसरं पॅनल चाचपून बघितलं, पण ज्या कस्टमरला सीपॅनलमधला मेलचा आयकॉन कुठे आहे तेवढंच पाठ आहे त्याला दुसरं पॅनल द्यायचं म्हणजे अजून तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी. शेवटी बंद पडलेली अकाउंट शोधून काढून टाका, अशी मोहीम निघाली आणि ती सपोर्टच्याच डोक्यावर आली.

माणसं मात्र भराभर वाढत होती. दोन वर्षांत सपोर्ट शंभराच्या वर गेला. भिंतीवर इंग्रजी वाक्यांचे पोस्टर लागले, बीन बॅग आल्या, शुक्रवारी पिझ्झा. मला पिझ्झ्याबद्दल तक्रार नाही, मी खाल्ला. पण बीपीओमधून एक मॅनेजर आला आणि त्याने चॅट किती मिनिटांत संपवली यावर रेटिंग लावलं, वर बेल कर्व्ह, म्हणजे टीममध्ये कुणीतरी खाली पडलंच पाहिजे. मग पोरं काय करणार, "कृपया ब्राउझरची कॅश क्लियर करा" हे तयार उत्तर चिकटवून चॅट बंद. तेच तिकीट चार तासांनी परत उघडायचं, पण ते दुसऱ्याच्या नावावर. आणि नव्यांचं प्रमाण एवढं झालं की नवा माणूस ज्याला विचारायचा तोही तीन महिन्यांपूर्वीच लागलेला. हँडओव्हरमध्ये "चेकिंग" परत आलं. माझ्या मते कंपनी तिथे बिघडली, पोस्टरमुळे नाही की पिझ्झ्यामुळे नाही.

एल टूची परीक्षा मी याच गोंधळात दिली. दादाने बनवलेली होती, कागदावरची नाही. एक व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा स्वतंत्र सर्व्हरसारखा चालणारा तुकडा, द्यायचा, त्यात त्याने मुद्दाम बिघाड करून ठेवलेले, आणि कस्टमरचं एक तिकीट, "नथिंग वर्क्स" एवढंच लिहिलेलं. बघते तर डेटाबेस चालू होत नाही, एरर येतेय डिस्कवर जागा नाही, आणि डिस्क बघितली तर निम्मी रिकामी. इथेच बरेच जण आपटायचे. जागा नव्हे, आयनोड संपले होते, म्हणजे फाईलींची संख्याच एवढी की नवीन फाईल बनवता येत नाही. डीएफ या कमांडला डॅश आय लावलं की दिसतं. फाईली कसल्या, तर पाठवायच्या राहिलेल्या मेलच्या, एक्झिमच्या, म्हणजे मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, क्यूमध्ये ढीग. क्यू उडवली तर दहा मिनिटांत परत भरते, कारण कुठलीतरी वर्डप्रेस साईट हॅक होऊन तिथून स्पॅम सुटतोय. एक्झिमच्या लॉगमध्ये सीडब्ल्यूडी शोधलं की मेल कुठल्या फोल्डरमधून निघतायत ते कळतं, तसं फोल्डर सापडलं, स्क्रिप्ट बंद केली, मग क्यू साफ, मग डेटाबेस.

एवढं करून मी खूश. तर तिकिटाला दादाचं, म्हणजे कस्टमरचं, उत्तर, "स्टिल नॉट ओपनिंग". माझ्याकडे उघडतेय, मोबाईलवर उघडतेय, त्याच्याकडे नाही. हा प्रकार खऱ्या आयुष्यात आठवड्यातून कितीदा तरी होतो. ऑफिसमधला कुणीतरी लॅपटॉपवर मेलचा पासवर्ड बदलतो, फोनमध्ये जुनाच राहतो, फोन दर थोड्या वेळाने चुकीचा पासवर्ड पाठवत बसतो आणि सर्व्हरची फायरवॉल त्या ऑफिसचा आयपीच ब्लॉक करते. मग अख्ख्या ऑफिसला साईट बंद. आयपी मागितला, फायरवॉलमध्ये शोधला, सोडला, आणि कस्टमरला लिहिलं की फोनमधला पासवर्डही बदला नाहीतर संध्याकाळी परत हेच. दादा म्हणाला शेवटचं वाक्य लिहिलंस म्हणून पास. मॅनेजरच्या शीटमध्ये मात्र त्या तिमाहीत माझं रेटिंग सरासरीच्या खाली होतं, चॅट लांब चालवते म्हणून. पगारवाढ त्या शीटवरून ठरली. दादा सरांशी भांडला, थोडाफार फरक पडला, पूर्ण नाही.

लॉकडाऊन लागला तेव्हा डेस्कटॉप टेम्पोत घालून घरोघरी पोचवले. मी कराडला, वरच्या खोलीत, व्हीपीएन आणि मोबाईलचा हॉटस्पॉट. कामाचा ओघ सुटला, ज्याला त्याला साईट पाहिजे, क्लासवाले, बेकऱ्या, योगावाले, आणि कुणालाही डोमेन आणि होस्टिंग यातला फरक माहीत नाही. मजा म्हणजे घरून काम सुरू झाल्यावर हँडओव्हर परत सुधारला. बाजूला वळून विचारायची सोयच नाही म्हटल्यावर लिहिण्याशिवाय इलाज काय.

मार्च २०२१ मध्ये फ्रान्सला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, त्यांची मध्यरात्र म्हणजे आमची पहाट, शिफ्ट संपायला आलेली. एक अख्खी इमारत गेली. सुदैवाने माणसं वाचली. आमचं तिथे काही नव्हतं, पण सकाळपासून कस्टमर विचारायला लागले, आमचा बॅकअप कुठे आहे. आणि खरं उत्तर असं होतं की आमच्या कंपनीत बऱ्याच सर्व्हरचा बॅकअप त्याच डेटा सेंटरमधल्या दुसऱ्या मशीनवर होता. तिथे जळालेल्या कित्येकांचंही हेच झालं होतं. दादा हे आधीपासून लिहित होता, पण तो खर्च वाढीच्या आड येत होता. आगीनंतर महिन्याभरात बजेट निघालं. त्याच वर्षात सेंटओएस ८ चा, म्हणजे आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्सचा, सपोर्ट डिसेंबरलाच संपणार म्हणून सगळे सर्व्हर अल्मालिनक्स या तशाच दुसऱ्या लिनक्सवर न्यायचे होते, ते मात्र आम्ही नीट प्लॅन करून केलं आणि त्यातले बरेचसे रात्रीचे बदल माझ्याकडे होते.

दादा त्यानंतर सोडून गेला. मीही पुढे दुसरीकडे गेले, आता दिवसाची शिफ्ट आहे. होस्टिंगमध्ये जायचं का म्हणून ज्युनियर मुली विचारतात तर मी जा म्हणते, लिनक्स आणि डीएनएस इतकं हाताखालून दुसरीकडे कुठे जात नाही. फक्त इंटरव्ह्यूला शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणतात ना, तेव्हा विचारा की शिफ्टमध्ये वर्षाच्या वरचे किती जण असतात, बॅकअप परत चढवून शेवटचा कधी बघितला होता, आणि रेटिंग वेळेवर असतं की परत उघडलेल्या तिकिटांवर. समोरचा एचआरचा असेल तर त्याला माहीत नसणार, मग टेक्निकल माणसाला बोलवा म्हणावं. आणि बाँड असेल तर त्याची कॉपी घरी आणून वाचायची, तिथेच सही करायची नाही.