घोडमाशीची दुपार

भर उन्हात चरणाऱ्या बैलाचं कातडं एकाच जागी थरथरलं आणि त्यानं पाय आपटला, की घोडमाशी बसली समजावं. घरमाशीला शेपटीचा एक फटका पुरतो. ही मात्र पोटाखाली, पायांवर, शेपटी पोचत नाही अशीच जागा धरते.

डास निदान टोचून रक्त ओढतो. घोडमाशी कातडं चिरते आणि साचलेलं रक्त चाटते. ती उडाल्यावरही थेंब ओघळत राहतो आणि त्यावर घरमाश्या जमतात. चावते फक्त मादी, अंड्यांसाठी. नर फुलांवर जगतो. नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. पण हे बघायला माशी चिमटीत धरावी लागते, आणि तेवढी सवड कुणाला?

खरी भीती वेगळीच. चावा इतका झोंबतो की जनावर तिला अर्ध्यावर उडवतं. अर्धपोटी माशी शेजारच्या जनावरावर जाते आणि तोंडाला लागलेलं रक्त सोबत नेते. सर्रा हा जनावरांचा रोग असाच पसरतो. त्याचे जंतू ब्रिटिश पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली आताच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खान इथं घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिले. ताप चढतो-उतरतो, रक्त कमी होतं, कधी जनावर गोलगोल फिरू लागतं. अशा वेळी ताप असतानाच डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावं. माशीच्या तोंडावर हे जंतू फार वेळ जगत नाहीत, म्हणून आजारी जनावर गोठ्यापासून लांब बांधावं.

फवारणीवर माझा फारसा भरवसा नाही. माशी अंगावर मिनिट-दोन मिनिटं टेकते, आणि तिच्या अळ्या वाढतात ओढ्याकाठच्या चिखलात. तिथं औषध मारणार तरी किती? त्यापेक्षा सापळा बरा. काळा चकचकीत चेंडू उन्हात टांगायचा, त्याच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा शंकू, तळाला रुंद आणि माथ्याला निमुळता, आणि टोकाला बाटली. तापलेल्या चेंडूला माशी जनावर समजते, रक्त मिळत नाही म्हणून वर उडते ती थेट बाटलीत. चेंडू सावलीत टांगला किंवा धुळीनं मळला, तर सापळा नुसता लोंबकळतो.

अंधाऱ्या गोठ्यात ती सहसा शिरत नाही. अकरा ते चार जनावरं आत आणि चरणं सकाळ-संध्याकाळ, एवढं जमलं तरी बराच त्रास वाचतो. संध्याकाळी डास येतात, ते वेगळं. त्यांच्यासाठी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी.

जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे ओढून पाहिले. चावणाऱ्या माश्या निम्म्याहून कमी बसल्या, असं २०१९ साली छापून आलं. पोळ्याला बैलांवर ठिपके आपणही काढतो, पण ते हौसेनं आणि एका दिवसापुरते. म्हशीवर पट्टे ओढायलाही हरकत नाही. डबक्यात उतरेपर्यंत टिकतील.