रतनगड ते हरिश्चंद्रगड, पण कुमशेतपर्यंतच

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं, मी, मेहुणा आणि भाचा, रतनवाडीहून निघालो. बेत नेहमीचाच: रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ कितीही घाई असली तरी बघाच. शिड्यांवर गर्दी असते, म्हणून पहाटे चढायला लागा. नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, बसून डबा खाल्ला, तोवर सगळं मजेत होतं.

रतनवाडी सोडली की मोबाइल म्हणजे टॉर्च आणि कॅमेरा. मेहुण्याने त्याची तयारी केली होती. ऑरगॅनिक मॅप्सवर महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून ठेवला होता. कात्राबाईच्या जंगलात दोनदा वाट चुकलो, दोन्ही वेळा त्या नकाशावरच्या तुटक रेषेने परत आणलं. जीपीएसला रेंज लागत नाही, हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा माझ्याकडेही होता, पण तो रेंज नसताना पायवाटेने कसं जायचं ते सांगत नाही, आणि वेळेवर अपडेट केला नाही तर त्याची मुदतही संपते. गाडीरस्त्याला ठीक आहे.

मेहुण्याकडे किविक्ससुद्धा होतं, म्हणजे नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं ॲप. त्यासाठी तो दोन संध्याकाळी फोनच्या मेमरी कार्डाशी झटापट करत बसला होता. अख्ख्या इंग्रजी विकिपीडियाची फाइल 4 जीबीला येऊन अडायची. कार्ड फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं होतं, आणि त्यावर 4 जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही. कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, सुटेल. खरं तर ट्रेकला अख्खा विकिपीडिया कशाला? वैद्यकीय लेखांची वेगळी, त्यामानाने लहान फाइल मिळते, ती पुरे.

कुमशेतला एका घरी मुक्काम. रात्री नऊच्या सुमारास मेहुण्याने चुलीसाठी लाकडाचा ओंडका उचलला आणि ओरडला. उजव्या हाताच्या अंगठ्याला विंचवाने नांगी मारली होती. घरातल्या बाबांनी पायताणाने विंचू मारून दाखवला. लालसर होता.

आता आमची तयारी बघा. प्रथमोपचाराची पीडीएफ भाच्याने घरच्या ग्रुपवर टाकली होती. माझ्या फोनमध्ये ती धुरकट दिसत होती, वर डाउनलोडचा बाण. बाण दाबला, चक्र फिरत राहिलं. बाकी सगळं मेहुण्याच्या फोनमध्ये, आणि तो त्याच अंगठ्याने उघडायचा. अंगठा घामाने चिंब, फोन काही ओळखेना. पिन त्याने कण्हत सांगितला, दोनदा चुकीचा. शेवटी किविक्स उघडलं तर विंचूदंशावर लांबलचक इंग्रजी लेख. टॉर्चच्या उजेडात मी वाचतोय, बाबा विचारतायत, "काय म्हणतंय ते?" आणि मला धड मराठीत सांगता येईना.

एक गोष्ट मात्र त्यात सापडली: नुसती जागेवर आग होत असेल तर एक वेळ थांबता येतं, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं, छातीत धडधड दिसली तर दवाखाना, तोही लगेच. मेहुण्याचा शर्ट भिजला होता. बाबांनी शेजारच्या जीपवाल्याला उठवलं. राजूरचा रस्ता त्याला झोपेतही पाठ होता, नकाशाची गरज पडली नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बीपीची गोळी चालू आहे का? कोणती?" चालू होती. तिच्या चिठ्ठीचा फोटो क्लाउडवर. तोवर रेंजच्या दोन काड्या आल्या होत्या म्हणून निभावलं. प्रश्न महत्त्वाचा का, ते नंतर कळलं. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देतात, आणि ते स्वतःच रक्तदाब उतरवतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात याच औषधाने कोकणातले कितीतरी रुग्ण वाचवले. मेहुण्याला रात्रभर नजरेखाली ठेवलं, सकाळी सोडलं. राजूरचे पेढे घेऊन घरी आलो. हरिश्चंद्रगड राहिला.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो, कुमशेतहूनच सुरुवात केली. या वेळी निघायच्या आदल्या रात्री तिघांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकले आणि जे जे सेव्ह केलंय ते एकेक उघडून पाहिलं. भाच्याच्या ड्राइव्हमधल्या निम्म्या फाइली उघडल्याच नाहीत. तुम्हीही हे घरीच करा, अर्धा तास लागतो. नकाशा आणि फाइली तिघांच्याही फोनमध्ये, पिन तिघांनाही पाठ. जास्तीची पॉवर बँक पिशवीत, कारण थंडीत बॅटरी भरभर उतरते. आणि विंचू, साप, ताप यांवर मोठ्या मराठी अक्षरांत मी एक पान लिहून काढलं: काय करायचं, काय नाही (सापाला चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं, तिन्ही नको), कोणाला कोणती गोळी चालू आहे, 108, दवाखान्याचा नंबर. त्याचा फोटो गॅलरीत आणि छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत.

बाबांनी ते पान मागून घेतलं आणि औषधांच्या ओळी वगळून भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावलं. त्यांच्या सूनबाई वाचून म्हणाल्या, "नंबर लिहिलाय दादा, पण लावायचा कुठून?" मग त्यांनीच सांगितलं, देवळामागच्या टेकाडावर, आंब्याखाली उभं राहिलं की लागतो. तेही पेनाने खाली लिहून ठेवलं.