चांगी ते सुवर्णभूमी: हवेत दोन तास, दारापासून दारापर्यंत साडेसहा

सिंगापूरचा चांगी आणि बँकॉकचा सुवर्णभूमी या विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर साधारण १४१० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला तर पावणेदोन तासांच्या आत पोचायला हवं, पण तिकिटावर दोन तास वीस-पंचवीस मिनिटं दिसतात. जास्तीचा वेळ जातो तो गेटपासून धावपट्टीपर्यंत विमान सरकण्यात, चढता-उतरतानाच्या कमी वेगात आणि बँकॉकला उतरायच्या रांगेत. पावसाळ्यात दुपारनंतर वादळी ढग जमले की वर घिरट्या घालाव्या लागतात. म्हणून मी सकाळचंच विमान सुचवेन.

बँकॉकचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. ९ ला निघालात तर तिथल्या घड्याळात साडेदहाच्या आत पोचता. परतीला मात्र ९ चं विमान जवळपास साडेबाराला टेकतं. पुढचं विमान पकडायचं असेल तर घोळ होतो तो इथेच.

जाताना खिडकी डावीकडची घ्या. विमान बहुधा मलाय द्वीपकल्पाचा पूर्व किनारा धरून थायलंडच्या आखातावर जातं, त्यामुळे जमीन डाव्या हाताला राहते आणि सकाळचं ऊन उजवीकडे. दक्षिणेकडून उतरलं तर शेवटच्या काही मिनिटांत किनाऱ्यालगतची मत्स्यतळी दिसतात: बांध घातलेले चौकोन, अगदी आपल्या मिठागरांसारखे.

चांगीच्या टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सामानाची तपासणी थेट गेटवर होते. पासपोर्ट तपासून आत आलो, आता सुटलो, असं समजून लोक पाण्याची बाटली भरतात आणि गेटवर ती ओतावी लागते. शिवाय तिथे रांग लागते, म्हणून दुकानांत रेंगाळू नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा.

आता खरा हिशेब. सिंगापूर शहरातून चांगी पाऊण तास, विमानाआधी दोन तास, प्रवास अडीच तासांच्या आतबाहेर, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला पाऊण तास, पुढे शहरात जायला अर्धा तास. झाले साडेसहा. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरून ठेवा. विमान नव्या सॅटेलाइट इमारतीला लागलं तर भुयारी रेल्वेने मुख्य टर्मिनलला यावं लागतं, त्याची आणखी दहा मिनिटं धरा.

शहरात जायला तळघरातून सुटणारी एअरपोर्ट रेल लिंक उत्तम. शहरातल्या फाया थाई स्टेशनपर्यंत अर्ध्या तासाच्या आत, भाडं ४५ बाथ, आणि रस्त्यावरच्या कोंडीशी संबंध नाही. सेवा मध्यरात्री बंद होते; त्यानंतर मीटरची टॅक्सी, टोल वेगळा.

स्वस्त तिकीट घेताना विमानतळाचं नाव दोनदा वाचा. बँकॉकला डॉन मुआंगही आहे, शहराच्या उत्तरेला. दोन्हींमध्ये मोफत शटल बस धावते, पण पुढचं तिकीट दाखवावं लागतं आणि गर्दीच्या वेळी तासाहून जास्त वेळ जातो.

मुंबईहून सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर जास्त जपा. चेक-इन केलेलं सामान चांगीला पट्ट्यावर येतं. ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा हवा. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर सामान थेट बँकॉकला जातं. मुंबईच्या काउंटरवरच टॅगवर बीकेके (सुवर्णभूमीचा कोड) लिहिलंय का ते बघून घ्या.